कळफलक, स्क्रीन रीडर आणि संकेतस्थळांची सुगम्यता-चाचणी : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात इंटरनेटचा प्रसार झाला आणि माहिती, शिक्षण, बँक व शासनव्यवहार क्रमाक्रमाने संकेतस्थळांवर आले. संकेतस्थळ पडद्यावर नीट दिसते म्हणजे ते सर्वांना वापरता येते, असा समज या काळात रूढ झाला. अंध व्यक्तीच्या बाबतीत हा समज टिकत नाही. माऊस वापरण्यासाठी पडद्यावरील बाण दिसावा लागतो. त्यामुळे अंध व्यक्ती कळफलकाच्या साहाय्याने काम करते. पडद्यावरील मजकूर तिला स्क्रीन रीडर हे सॉफ्टवेअर वाचून दाखवते किंवा ब्रेल पट्टीवर उमटवून देते. म्हणूनच संकेतस्थळ सुगम्य आहे की नाही, हे याच दोन साधनांनी तपासावे लागते. या चाचणीचा इतिहास वरवर पाहता तंत्रज्ञानाचा इतिहास वाटतो. वस्तुतः संकेतस्थळ वापरता येते की नाही याबाबत कोणाची साक्ष ग्राह्य मानावी, या प्रश्नाचा तो इतिहास आहे.

उद्दिष्टे :
१. स्क्रीन रीडरच्या विकासाचे टप्पे पाहणे.
२. सुगम्यता-चाचणीच्या निकषांची जडणघडण अभ्यासणे.
३. सिडनी ऑलिंपिक खटल्याचे महत्त्व स्पष्ट करणे.
४. भारतातील, विशेषतः मराठी संकेतस्थळांच्या संदर्भातील स्थितीचा विचार करणे.

संशोधन पद्धती :
प्रस्तुत शोधनिबंधासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. अभ्यासाचा कालखंड १९८४ ते २०२५ असा आहे.

विषय विवेचन :

१. अक्षरांचा पडदा ते चित्रांचा पडदा
आयबीएम कंपनीतील गणितज्ञ जिम थॅचर यांनी १९८४ च्या सुमारास वैयक्तिक संगणकासाठी स्क्रीन रीडर तयार केला. पुढे १९८६ मध्ये तो कंपनीचे उत्पादन म्हणून बाजारात आला. त्या वेळच्या डॉस प्रणालीत पडदा म्हणजे ८० स्तंभ व २५ ओळींची चौकट असे. प्रत्येक चौकोनातील अक्षराचा संकेतांक संगणकाच्या स्मृतीत असे आणि तो उचलून आवाजात रूपांतरित करणे तुलनेने सोपे होते.

चित्रमय पडदा आल्यावर ही सोय संपुष्टात आली. मॅकिंटॉश व विंडोज या प्रणालींत अक्षरेही ठिपक्यांनी रंगवली जाऊ लागली. डोळस व्यक्तीला संगणक अधिक सोपा झाला. परंतु नोकरीत संगणक वापरणाऱ्या अंधांपुढे नोकरी गमावण्याचे संकट उभे राहिले. प्रणाली पडद्यावर काय रंगवते याची समांतर नोंद ठेवणारे तंत्र विकसित करून हा अडथळा दूर करण्यात आला. बर्कली सिस्टिम्सचा आउटस्पोकन हा मॅकिंटॉशसाठीचा स्क्रीन रीडर १९८९ मध्ये आला. अपघातात दृष्टी गमावलेल्या टेड हेंटर यांच्या कंपनीने १९८९ मध्ये डॉससाठी व १९९५ मध्ये विंडोजसाठी जॉज हा स्क्रीन रीडर आणला. या नावातच 'वाणीद्वारे नोकरीत प्रवेश' असा अर्थ आहे. स्क्रीन रीडरच्या विकासामागील प्रेरणा रोजगाराची होती, ही बाब येथे लक्षात घ्यावी लागते.

२. यंत्राची चाचणी आणि तिची मर्यादा
संकेतस्थळाचे पान एचटीएमएल या खुणांच्या भाषेत लिहिलेले असते. शीर्षक, परिच्छेद, दुवा, तक्ता यांच्या खुणा योग्य असतील, तर स्क्रीन रीडरला पानाची रचना कळते. तथापि १९९३ नंतर चित्रयुक्त पाने लोकप्रिय झाली आणि खुणांऐवजी चित्रांनीच पान सजवण्याकडे कल वाढला. चित्राला पर्यायी मजकूर नसेल, तर स्क्रीन रीडर केवळ 'चित्र' असे म्हणतो किंवा फाईलचे निरर्थक नाव वाचतो.

यावर उपाय म्हणून अमेरिकेतील कास्ट या संस्थेने १९९६ मध्ये बॉबी नावाचे स्वयंचलित तपासणी-साधन उपलब्ध केले. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने १९९७ मध्ये सुगम्यतेचा स्वतंत्र उपक्रम सुरू केला आणि ५ मे १९९९ रोजी १४ मार्गदर्शक तत्त्वे व ६५ तपासणी-मुद्दे प्रसिद्ध केले. स्वयंचलित साधनामुळे हजारो पाने अल्पावधीत तपासता येऊ लागली. परंतु त्याची मर्यादाही स्पष्ट होती. पर्यायी मजकूर आहे की नाही, हे यंत्र सांगते. तो मजकूर अर्थपूर्ण आहे की नाही, हे सांगू शकत नाही. अर्ज भरताना वापरकर्ता मध्येच कोठे अडकतो, हे तर प्रत्यक्ष अर्ज भरल्याशिवाय कळत नाही.

३. सिडनी ऑलिंपिक खटला
या प्रश्नाला प्रथम न्यायिक स्वरूप मिळाले ते ऑस्ट्रेलियात. जन्मतः अंध असलेले ब्रूस मॅग्वायर ब्रेल पट्टीच्या साहाय्याने संगणक वापरत. सिडनी ऑलिंपिकचे संकेतस्थळ आपल्याला वापरता येत नाही, अशी तक्रार त्यांनी जून १९९९ मध्ये मानवाधिकार व समान संधी आयोगाकडे १९९२ च्या अपंगत्व भेदभाव कायद्यान्वये केली. त्यांच्या मागण्या मोजक्या होत्या : चित्रांना व चित्ररूप दुव्यांना पर्यायी मजकूर असावा, वेळापत्रकाच्या पानावरून क्रीडाप्रकारांच्या सूचीपर्यंत पोहोचता यावे आणि निकालांचे तक्ते वाचता यावेत.

संयोजन समितीचा बचाव अभ्यसनीय आहे. सूचीपर्यंत जाता येत नसले, तरी प्रत्येक क्रीडाप्रकाराच्या पानाचा पत्ता थेट टंकित करता येतो, असे समितीचे म्हणणे होते. परंतु पत्ता ठाऊक असेल तरच तो टंकित करता येतो, आणि तो कळण्यासाठीच सूची हवी असते. दुरुस्तीसाठी एका व्यक्तीला ३६८ दिवस लागतील आणि सुमारे २२ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर खर्च येईल, असाही दावा करण्यात आला. जुट्टा ट्रेव्हिरानस व टॉम वर्दिंग्टन या तज्ज्ञांनी आपल्या साक्षीत हा अंदाज अवास्तव ठरवला. बहुतांश पाने थोड्याच साच्यांतून निर्माण होत असल्याने साचा सुधारला की पाने सुधारतात, असे त्यांच्या प्रतिपादनाचे सार होते.

आयोगाने २४ ऑगस्ट २००० रोजी मॅग्वायर यांच्या बाजूने निर्णय दिला आणि उद्घाटनाच्या दिवसापर्यंत, म्हणजे १५ सप्टेंबरपर्यंत, संकेतस्थळ सुगम्य करण्याचा आदेश दिला. आदेशाचे पूर्ण पालन न झाल्याने नोव्हेंबरमध्ये २०,००० ऑस्ट्रेलियन डॉलर नुकसानभरपाई ठरवण्यात आली. तोपर्यंत स्पर्धा संपल्या होत्या. हे संकेतस्थळ आयबीएमने तयार केले होते. ज्या कंपनीत स्क्रीन रीडरचा पाया घातला गेला, तिच्याच हातून असे संकेतस्थळ घडावे, यावरून तंत्रज्ञान उपलब्ध असणे आणि ते वापरून काम तपासले जाणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे दिसून येते.

४. कळफलकाचा निकष
अमेरिकेत अंधांच्या राष्ट्रीय संघटनेने २००६ मध्ये टार्गेट या विक्रेत्या कंपनीविरुद्ध दावा दाखल केला. माऊसविना खरेदीचा व्यवहार पूर्ण करता येत नाही, हा त्यातील एक प्रमुख आक्षेप होता. ऑगस्ट २००८ मध्ये ६० लाख डॉलरवर तडजोड झाली आणि संकेतस्थळाच्या चाचणीत संघटनेलाच स्थान मिळाले. त्याच वर्षी ११ डिसेंबर रोजी मार्गदर्शक तत्त्वांची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली. तिच्यात ६१ निकष होते. प्रत्येक कार्य कळफलकाने करता यावे, कळफलकाने आत गेलेला वापरकर्ता तेथेच अडकू नये, क्रम अर्थाला धरून असावा आणि आपण कोठे आहोत हे दिसावे, अशा अपेक्षा त्यात स्वतंत्रपणे नोंदवल्या गेल्या.

या चाचणीची रीत साधी आहे. माऊस बाजूला ठेवून टॅबने पुढे व शिफ्ट-टॅबने मागे जावे, एंटरने दुवा उघडावा, स्पेसने चौकट निवडावी आणि उघडलेली खिडकी एस्केपने बंद होते का, ते पाहावे. नंतर पडदा झाकून स्क्रीन रीडर सुरू करावा. एच ही कळ दाबत शीर्षके ऐकावीत आणि अर्जातील प्रत्येक रकान्याचे नाव ऐकू येते का, हे तपासावे. पूर्वी महागड्या स्क्रीन रीडरमुळे अशी चाचणी मोजक्यांनाच शक्य होती. मायकेल करन व जेम्स टेह या ऑस्ट्रेलियातील दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये सुरू केलेल्या एनव्हीडीए या विनामूल्य स्क्रीन रीडरने ती सर्वांच्या आवाक्यात आणली. तरीही २०१९ मध्ये वेबएम या संस्थेने दहा लाख मुखपृष्ठे यंत्राद्वारे तपासली, तेव्हा ९७.८ टक्के पानांत दोष आढळले.

५. भारत आणि मराठी संकेतस्थळे
मराठी संकेतस्थळांच्या संदर्भात या चाचणीला विशेष अर्थ आहे. युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीचा समावेश होता. तथापि पुढेही अनेक वर्षे मराठी मजकूर जुन्या फाँटमध्ये ठेवला जात असे. या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असत. उदाहरणार्थ, क्रुतिदेव फाँटमध्ये 'मराठी' हा शब्द दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो 'ई, जे, के, बी, एच' ही रोमन अक्षरे असतो. डोळ्यांना शुद्ध मराठी दिसते आणि अंध वाचकाला मात्र निरर्थक रोमन अक्षरे ऐकू येतात. हा दोष पडदा पाहून कधीच कळला नसता. स्क्रीन रीडर लावताच तो पहिल्या ओळीत उघड होतो. कागदाचे छायाचित्र म्हणून चढवलेली शासकीय परिपत्रके ही याच दोषाची दुसरी आवृत्ती होय.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने २००९ मध्ये शासकीय संकेतस्थळांसाठी मार्गदर्शक सूचना तयार केल्या. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने माहिती व संप्रेषण तंत्रज्ञानाची सुगम्यता हे शासनाचे कर्तव्य ठरवले. राजीव रतुरी प्रकरणात ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुगम्यतेचे निकष केवळ शिफारशीच्या स्वरूपात ठेवणारा नियम कायद्याशी विसंगत ठरवला. ३० एप्रिल २०२५ च्या प्रज्ञा प्रसून निकालात डिजिटल सेवांची उपलब्धता जगण्याच्या मूलभूत हक्काशी जोडण्यात आली. बँकेच्या ग्राहक-ओळख प्रक्रियेत डोळ्यांची उघडझाप करण्यास सांगितले जात असे. आम्लहल्ल्यात चेहरा व डोळे गमावलेल्या व्यक्तींनी आणि अमर जैन या अंध वकिलांनी त्याविरुद्ध दाद मागितली होती. न्यायालयाने दिलेल्या २० निर्देशांत नियतकालिक सुगम्यता-तपासणी आणि वापरकर्ता-चाचणीत अंध व्यक्तींचा सहभाग यांचाही अंतर्भाव आहे.

निष्कर्ष :
१. स्क्रीन रीडरचा विकास मुख्यतः रोजगार टिकवण्याच्या गरजेतून झाला.
२. स्वयंचलित तपासणी आवश्यक आहे. पण ती पुरेशी नाही.
३. सुगम्यतेचा खर्च अवास्तव असल्याचा युक्तिवाद सिडनी खटल्यात टिकला नाही.
४. मराठी मजकुराचे काही दोष केवळ स्क्रीन रीडरनेच उघड होतात.
५. १९९९ मध्ये अंध व्यक्तीला तक्रारदार म्हणून स्वतःच दोष सिद्ध करावा लागला. २०२५ मध्ये तिला परीक्षक म्हणून आधीच बोलावण्याचा निर्देश भारतात मिळाला.

समारोप :
मॅग्वायर यांना न्याय मिळाला. पण ज्या स्पर्धांचे निकाल त्यांना वाचायचे होते त्या तोपर्यंत पार पडल्या होत्या. परीक्षेच्या अर्जाची मुदत, शिष्यवृत्तीची तारीख, नोकरीची जाहिरात यांचेही असेच आहे. तक्रारीनंतर झालेली दुरुस्ती पुढच्यांना उपयोगी पडते. तक्रारदाराची संधी मात्र परत येत नाही. यास्तव संकेतस्थळ खुले करण्यापूर्वी माऊस बाजूला ठेवून, पडदा झाकून आणि अंध वापरकर्त्यास सोबत घेऊन केलेली चाचणी हा त्या संकेतस्थळाच्या निर्मितीचाच भाग मानला पाहिजे.