सौदांचा घोडा
लढाई कोण जिंकले ते इतिहास नोंदवतो. हरणारा का हरला, हे कधी कधी शायर सांगून जातो. अठराव्या शतकातले दिल्लीचे शायर मिर्झा मुहम्मद रफी ‘सौदा’ (निधन १७८१) यांचा ‘तजहीक-ए-रोजगार’ हा कसीदा मला त्यासाठी मोलाचा वाटतो. नावाचा अर्थ, जमान्याची टिंगल. कसीद्यात एरवी थोरामोठ्यांची स्तुती असते. इथे आहे एक उपाशी घोडा. मालकाला पगार शंभर रुपये, पण घोड्याला दाणा-चारा मिळत नाही. वरातीत तो इतका रेंगाळतो, की नवरीच्या दारी पोचेपर्यंत नवरदेव म्हातारा होतो. पुढे मराठे दिल्लीपर्यंत येतात, स्वाराला लढाईचे बोलावणे येते आणि हा गडी जोडे हातात घेऊन, घोडा बगलेत मारून शहराकडे पळ काढतो!

मित्रहो, १७३७ साली बाजीराव दिल्लीच्या वेशीवर पोचलेच होते. त्यामुळे मराठी माणसाला इथे हसू येणारच. पण सौदांचा नेम मराठ्यांवर नाही, आपल्याच दिल्लीवर आहे. घोडा उपाशी ठेवून रण जिंकू पाहणाऱ्या कारभाराला ते हसतात. शत्रूची टवाळी कोणीही करील. आपल्याच तबेल्यात दिवा घेऊन शिरायला छाती लागते.