पहिल्या पडद्यावरचा प्रश्न

२०१९ च्या नोव्हेंबरमध्ये भारतातील हजारो लोकांनी एक अपरिचित नाव आपल्या मोबाइलवर शोधले: मॅस्टोडॉन. त्याआधी, ऑक्टोबरअखेरीस, सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे ट्विटर खाते बंद करण्यात आले होते. कारण ठरले एक जुने छायाचित्र. १९३६ साली हॅम्बर्गच्या जहाजबांधणी कारखान्यात नाझी सलाम करणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभा असलेला एकटा माणूस त्यात दिसतो. नाझींना नकार देणारे हे चित्र कंपनीच्या नियमांत आक्षेपार्ह ठरले. खाते परत मिळाले, आणि दुसऱ्या एका जुन्या मजकुरावरून पुन्हा गेले. त्याच सुमारास ट्विटर जातिभेद करते असा आरोप करीत अनेक दलित-बहुजन लेखक-पत्रकारांनीही मोहीम उघडली होती. या असंतोषातून पर्यायाचा शोध सुरू झाला, वृत्तपत्रांनी ‘मॅस्टोडॉन म्हणजे काय’ हे समजावणारे लेख छापले, आणि काही आठवड्यांत लाट ओसरली. बहुतेक जण परत गेले.

या परतीचे कारण बहुधा एका वाक्यात सांगितले जाते: ओळखीची माणसे जिथे, तिथेच लोक राहतात. ते खोटे नाही. जाळ्याचे मोल त्यातील माणसांवर ठरते, हे दूरध्वनीच्या काळापासून ठाऊक आहे. पण हे उत्तर जरा सोयीचेही आहे, कारण त्यात जाळे बांधणाऱ्यांकडे कसलाच दोष जात नाही. त्या दिवसांत माणसे आली होती, आणि समूहाने, ओळखीपाळखीसह आली होती. म्हणजे नव्या जाळ्यांची नेहमीची अडचण काही काळापुरती आपोआप सुटली होती. तरीही ती टिकली नाहीत. तेव्हा त्यांना दारात काय दिसले, हे पाहायला हवे.

मॅस्टोडॉन हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर. ऑयगेन रोश्को या जर्मनीतील तरुण प्रोग्रामरने ते २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये लोकांसमोर ठेवले. त्याचा कोणी एक मालक नाही. कोणीही आपला सर्व्हर उभारावा, त्यावर आपले नियम ठेवावेत, आणि सगळे सर्व्हर एकमेकांशी बोलत राहावेत, अशी ही संघीय रचना आहे. त्यासाठीची समान भाषा, ॲक्टिव्हिटीपब, २०१८ च्या जानेवारीत वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने शिफारस केलेले मानक म्हणून जाहीर केली. एका कंपनीने एक कळ दाबली आणि एका माणसाचा आवाज बंद झाला, असे या रचनेत सहसा होऊ शकत नाही. हेगडे प्रकरणावरचा हा नेमका उतारा होता.

आता नवागताच्या हातातला मोबाइल पाहा. भारतात इंटरनेट म्हणजे बहुसंख्यांसाठी मोबाइलच. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये मॅस्टोडॉनचे स्वतःचे अधिकृत ॲपच नव्हते. आयफोनसाठी ते २०२१ च्या जुलैमध्ये आले आणि अँड्रॉइडसाठी थेट २०२२ च्या एप्रिलमध्ये. तोपर्यंत टस्कीसारखी स्वयंसेवकांनी बनवलेली ॲप होती. ती चांगली होती, पण ज्याचे नाव ऐकून आलो ते हेच का, हे नवख्याला कळण्याचा मार्ग नव्हता. टस्की उघडले की पहिल्याच पडद्यावर एक रिकामी चौकट दिसे: तुमचा इन्स्टन्स कोणता? खाते तिथे उघडता येत नसे, ते आधी दुसरीकडे ब्राउझरमध्ये काढून यावे लागे. ‘इन्स्टन्स’ म्हणजे सर्व्हर, हेही कोणीतरी सांगावे लागे. संकेतस्थळाकडे वळावे, तर तिथे सर्व्हरांची लांबलचक यादी. कोणता घ्यावा? चुकला तर काय? नियम कोणाचे? उद्या तो बंद पडला तर?

आत शिरल्यावरही हाल संपत नसत. मुख्य प्रवाह रिकामा, कारण अजून कोणाला अनुसरलेले नाही. दुसऱ्या सर्व्हरवरच्या ओळखीच्या माणसाचे पान उघडून ‘फॉलो’ दाबले, तर स्वतःचा पूर्ण पत्ता पुन्हा टाइप करा, अशी मागणी. एकाच माणसाच्या अनुयायांची संख्या एका सर्व्हरवर एक, दुसऱ्यावर दुसरी. नावाने शोधा, सापडेल. मजकुरातल्या शब्दाने शोधा, सहसा सापडणार नाही. ही शेवटची गोष्ट तर जाणूनबुजून ठेवलेली होती. शोध घेऊन लोकांना छळणाऱ्या टोळ्यांना ती वाट मिळू नये, असा त्यामागचा हेतू होता. हेतू चांगला होता. पण तो माहीत नसल्याने नवागताला ते फक्त बिघडलेले यंत्र वाटे.

सुधारणा होतच नव्हत्या, असे मात्र नाही. त्याच वर्षी जूनमध्ये मॅस्टोडॉनच्या २.९ या आवृत्तीने नव्या खात्यांसाठी एकस्तंभी मांडणी आपोआप लागू केली. त्याआधी संगणकावर शेजारी शेजारी अनेक स्तंभ उघडत आणि पहिल्या भेटीत शेअर बाजाराच्या फलकासमोर उभे राहिल्यासारखे होई. आणि ऑक्टोबरमध्ये, म्हणजे भारतीय लाटेच्या अवघा महिनाभर आधी, आलेल्या ३.० या आवृत्तीत खाते दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना अनुयायीही सोबत नेण्याची सोय झाली. जुन्या नोंदी मागे राहतात. पण चुकीचा सर्व्हर निवडल्याचा दंड एकदम हलका झाला होता. ही गोष्ट पहिल्या पडद्यावर एका ओळीत सांगितली असती, तरी कित्येकांची भीती गेली असती. ती सांगितली गेली नाही.

भौतिकशास्त्राचा विद्यार्थी येथे सममिती ओळखेल. टोकावर उभी केलेली पेन्सिल कोणत्या बाजूला पडावी, याला तिच्यापाशी कारण नसते. नवागतासमोरचे सगळे सर्व्हर त्याच्या दृष्टीने तसेच एकसारखे असतात. फरक आहेत, पण ते कळण्यासाठी आधी आत असावे लागते. पेन्सिल निदान कुठेतरी पडते. माणूस मात्र ॲप बंद करतो.

वापरणाऱ्याने काहीच न ठरवल्यास जे आपोआप लागू होते, त्याला संगणकाच्या भाषेत डिफॉल्ट म्हणतात. त्याचे बळ किती, यावर एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टाइन यांचा २००३ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आलेला लेख प्रसिद्ध आहे. अवयवदानास संमती असलेल्यांचे प्रमाण जर्मनीत १२ टक्के होते, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९.९८ टक्के. दोन समाजांच्या दानशूरतेत एवढे अंतर असण्याचा संभव नाही. जर्मनीत होकार नोंदवावा लागे, ऑस्ट्रियात नकार. (कागदावरची संमती आणि प्रत्यक्ष दान यांत फरक असतो, हे विसरू नये.) पर्यायांच्या गर्दीबद्दल लोक जॅमच्या बरण्यांचा प्रयोग सांगतात: २४ प्रकार मांडले तेव्हा थांबलेल्यांपैकी ३ टक्क्यांनी खरेदी केली, ६ मांडले तेव्हा ३० टक्क्यांनी. तो २००० सालचा प्रयोग सावधपणे वापरावा. २०१० मध्ये अशा अनेक प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा सरासरी परिणाम शून्याच्या जवळ निघाला. गर्दी प्रत्येकाला गोंधळवत नाही. ज्याला आपली आवड ठाऊक नाही आणि पर्यायांची तुलना करता येत नाही, त्याला ती गोंधळवते, असे नंतरच्या विश्लेषणांतून दिसते. नवागताची व्याख्या याहून वेगळी नाही.

मग संघीय रचनाच सामान्य माणसाला झेपत नाही, असे म्हणावे का? भारताचाच इतिहास याच्या विरुद्ध साक्ष देतो. ईमेल ही तशीच संघीय व्यवस्था आहे: असंख्य सर्व्हर, मालक निरनिराळे, पत्ता ‘अमुक ॲट तमुक’ असा. आपल्याकडे तिची सुरुवात अर्नेट या शैक्षणिक जाळ्याने झाली. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने १९८६ मध्ये ते सुरू केले. पाच आयआयटी, बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईचे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र, म्हणजे एनसीएसटी, त्यात होते. १९८७ मध्ये जुहूचे एनसीएसटी आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेल जाऊ-येऊ लागले. या कामात एनसीएसटीच्या श्रीनिवासन रमणी यांचा वाटा मोठा होता. त्या काळच्या कोणत्याही संशोधक विद्यार्थ्याला ‘तुमचा सर्व्हर निवडा’ असे कोणी विचारले नाही. संस्थेत प्रवेश मिळाला की पत्ताही मिळे. पुढे १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने इंटरनेट सर्वसामान्यांसाठी खुले केले, तेव्हाही शहराने तो प्रश्न सोडवला. पत्त्यातच शहराची खूण असे: मुंबईकराच्या पत्त्यात बीएम, पुणेकराच्या पत्त्यात पीएन. ते पत्ते लांब आणि विद्रूप होते, फोनवर सांगताना जीव मेटाकुटीला येई. पण ते निवडावे लागत नसत, आणि निगमाचा मुंबईकर आयआयटीतल्या प्राध्यापकाला बिनबोभाट पत्र पाठवू शके. ईमेलचे डिफॉल्ट संगणकाने नव्हे, समाजाने पुरवले होते. मॅस्टोडॉनच्या दारात उभ्या असलेल्या माणसामागे अशी संस्था नव्हती आणि शहरही नव्हते.

पुढची मोठी लाट जागतिक होती. २०२२ च्या ऑक्टोबरअखेरीस ट्विटरची मालकी इलॉन मस्क यांच्याकडे गेली आणि मॅस्टोडॉनचे मासिक वापरकर्ते दोन महिन्यांत सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर पोहोचले. अनेक शास्त्रज्ञही त्यांत होते. नंतरच्या महिन्यांत ही संख्या बरीच उतरली. २०२३ च्या मे महिन्यात रोश्को यांनी अखेर पहिला पडदा बदलला. अधिकृत ॲपमध्ये आता एक ठळक बटण आले, प्रकल्पाच्या स्वतःच्या सर्व्हरवर थेट खाते उघडणारे, आणि त्याखाली ‘दुसरा सर्व्हर निवडा’ हा पर्याय. भारतीय लाटेनंतर साडेतीन वर्षांनी.

या बटणावर झालेली टीका अनाठायी नव्हती. सगळे नवागत एकाच सर्व्हरवर गेले, तर विकेंद्रित जाळ्याच्या मध्यभागी पुन्हा एक राजधानी उभी राहते, आणि ज्यापासून पळालो तेच गाव लागते. ब्लूस्काय हे याचे जिवंत उदाहरण आहे. त्याचेही सॉफ्टवेअर मुक्तस्रोत आहे आणि त्याचीही रचना कागदावर विकेंद्रित आहे. नोंदणी करताना कंपनीचा सर्व्हर आधीच भरलेला असतो. तो बदलता येतो, पण बदलतात फार थोडे. परिणामी प्रवेश सोपा आणि खाती बहुतांशी एकाच छताखाली. जॉन्सन-गोल्डस्टाइन यांच्या आकड्यांनंतर यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

तरीही टीकाकारांचे एक गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. डिफॉल्ट म्हणजे सर्वांना एकच सर्व्हर, असे कोणी ठरवले? मॅस्टोडॉनच्या अधिकृत यादीत येण्यासाठी २०१९ च्या मेपासून एक करार पाळावा लागतो: रोजची प्रत जपायची, द्वेषाला आळा घालायचा, अडीअडचणीत सर्व्हर सांभाळू शकणारी दुसरी व्यक्ती ठेवायची, आणि बंद करण्यापूर्वी किमान तीन महिने सूचना द्यायची. अशा विश्वासार्ह सर्व्हरांपैकी भाषा किंवा प्रदेश पाहून एकच आपोआप सुचवावा, पुढच्याला दुसरा, आणि खाली स्पष्ट लिहावे की हा केव्हाही बदलता येईल. विदेश संचार निगमाने गरजेपोटी जे केले, तेच जाणीवपूर्वक करायचे. यात तांत्रिक अडचण फारशी नाही. अडचण आहे ती निवड करण्याची जबाबदारी घेण्याची. कारण सुचवलेला सर्व्हर वाईट निघाला, तर दोष सुचवणाऱ्याकडे येतो. सगळी यादी पुढे ठेवली की तो नवागताकडे जातो.

भाषेचा प्रश्न किती महत्त्वाचा, हे कू या भारतीय ॲपने दाखवले. मार्च २०२० मध्ये आलेले कू दारातच भाषा विचारत असे, आणि तो प्रश्न कोणालाही कठीण जात नसे, कारण त्याचे उत्तर प्रत्येकापाशी असते. पण कू मुक्तस्रोतही नव्हते आणि संघीयही नव्हते. जुलै २०२४ मध्ये कंपनीने ते बंद केले, तेव्हा दुसऱ्या सर्व्हरवर जाण्याचा मार्गच नव्हता.

भारतातील मुक्त सॉफ्टवेअर कार्यकर्त्यांनी यातून घेतलेला बोध ‘प्रव’ या संदेशवहन ॲपमध्ये दिसतो. नाव मल्याळममधले, अर्थ कबुतर. फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडिया हा गट डायस्पोरा या जुन्या संघीय जाळ्याचा एक सर्व्हर पूर्वीपासून चालवत आला आहे, तेव्हा दारातल्या अडचणी त्याला परक्या नाहीत. प्रव हे एक्सएमपीपी या नव्वदच्या दशकाअखेरीस जन्मलेल्या खुल्या मानकावर चालते. त्यात सर्व्हर विचारला जात नाही. मोबाइल क्रमांक दिला की खाते तयार, आणि तिथून इतर कोणत्याही एक्सएमपीपी सर्व्हरवरच्या माणसाशी बोलता येते. मालकी वापरणाऱ्यांच्या बहुराज्य सहकारी संस्थेकडे असावी, असा या मंडळींचा संकल्प आहे. साखर कारखान्यांच्या गावचा मराठी वाचक यावर आशा आणि शंका दोन्ही बाळगू शकेल.

मोबाइल क्रमांक मागण्यावर मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा जुना आक्षेप आहे: क्रमांक म्हणजे ओळख, आणि ओळख मागणारी सेवा खासगीपणाची भाषा कशी बोलणार? प्रवमागची तडजोड उघड आहे. ज्यांना क्रमांक द्यायचा नाही, त्यांनी त्याच जाळ्यातला दुसरा सर्व्हर आणि दुसरे ॲप घ्यावे. प्रववरची माणसे तिथूनही भेटतील.