तबकडीतला आवाज आणि आपला इतिहास

इतिहास म्हटला की आपल्यापुढे ताम्रपट, शिलालेख, बखरी आणि जाडजूड ग्रंथ उभे राहतात. ज्यांच्याकडे जमिनी होत्या, वतने होती, लिहायला कारकून होते, त्यांचा इतिहास कागदावर राहिला. ज्यांच्याकडे फक्त डफ, ढोलकी आणि गळा होता, त्यांचा इतिहास हवेत विरून गेला. मात्र त्यातला थोडा भाग एका वेगळ्याच जागी शिल्लक आहे. ती जागा म्हणजे जुन्या बाजारात, भंगाराच्या दुकानात, मंडपवाल्याच्या माळ्यावर धूळ खात पडलेली रेकॉर्ड. कोणी तिला तबकडी म्हणते, कोणी नुसती काळी थाळी म्हणते. अशा जुन्या रेकॉर्डी शोधणाऱ्या, जमविणाऱ्या आणि एकमेकांना ऐकविणाऱ्या लोकांविषयी आम्ही इथे चार शब्द लिहीत आहोत.

विहाराच्या स्मरणिकेत हा विषय कशाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे. ५ डिसेंबर १९५६ ची रात्र आठवा. दिल्लीला २६, अलीपूर रोडवर बाबासाहेब थकून बसले होते. भेटीला आलेले जैन शिष्टमंडळ निघून गेले होते. तेव्हा त्यांनी नानकचंद रत्तू यांना रेडिओग्रामवर बुद्धगीतांची रेकॉर्ड लावायला सांगितले, आणि डोळे मिटून ते स्वतःही त्या सुरात सूर मिळवू लागले. रेडिओग्राम म्हणजे रेडिओ आणि रेकॉर्ड वाजविण्याचे यंत्र एकाच लाकडी पेटीत. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबासाहेब आपल्यात नव्हते. त्या महामानवाच्या शेवटच्या रात्री सोबतीला एक तबकडी होती, हे आपण विसरता कामा नये.

आवाज लाखेत कसा उतरला

आपल्या देशात व्यापारी रेकॉर्डिंगची मोठी सुरुवात नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यात झाली. ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गेझबर्ग नावाचा माणूस विलायतेहून यंत्र घेऊन आला आणि त्याने गौहर जान यांचा आवाज भरून घेतला. त्या वेळी विजेचा मायक्रोफोन नव्हता. कर्ण्यासारख्या भोंग्यात तोंड घालून ओरडून गावे लागे. भरलेले साचे जहाजाने जर्मनीत हॅनोव्हरला जात आणि तिथे रेकॉर्डी छापल्या जात. गाणे कोणाचे हे तिथल्या कारागिरांना कळावे म्हणून गाणारी व्यक्ती शेवटी आपले नाव मोठ्याने सांगत असे. १९०८ साली कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला, मग रेकॉर्डी इथेच छापू लागल्या.

आता गंमत बघा. ही काळी थाळी कशाची? लाखेची. लाख, दगडाची भुकटी आणि काजळी यांचे मिश्रण तापवून ती दाबली जाई. लाख येते पळस, कुसुम, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून, आणि ती गोळा करणारे हात छोटा नागपूरच्या जंगलातल्या गरीब माणसांचे. लेबलवर कंपनीचे नाव छापलेले असते, गवयाचे असते. लाख वेचणाऱ्याचे नाव कोणी छापले नाही. आम्ही गिरणीत पाळ्या करणारी माणसं, त्यामुळे माल पाहिला की तो कोणाच्या हातातून आला हा प्रश्न आम्हाला आधी पडतो.

लाखेची रेकॉर्ड मिनिटाला ७८ फेरे घेते. दहा इंची तबकडीची एक बाजू जेमतेम तीन मिनिटे चालते. त्यामुळे रात्रभर रंगणारी लावणी किंवा कव्वाली त्या तीन मिनिटांत कोंबावी लागे. १९४८ मध्ये अमेरिकेत प्लास्टिकच्या जातीची, विनाइलची रेकॉर्ड आली. ती ३३ फेऱ्यांची, एका बाजूला वीस-पंचवीस मिनिटे वाजणारी. पुढच्याच वर्षी ४५ फेऱ्यांची लहान रेकॉर्ड निघाली. लाखेची पडली की फुटते, विनाइलची वाकते पण सहसा फुटत नाही. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात कॅसेट घरोघर शिरली आणि रेकॉर्ड मागे पडली. आता शहरातून नव्या रेकॉर्डी पुन्हा हौसेने विकत घेतल्या जातात, पण आमचा विषय त्या जुन्या, दुसऱ्या-तिसऱ्या हाताच्या.

संगमनेरचा धडा

आपल्या संगमनेरला हा विषय नवीन नाही. शाहीर अनंत फंदी (१७४४ ते १८१९) इथलेच. त्यांच्या काळी तबकडी नव्हती. फंदींचा आवाज कसा होता, ते कोणत्या चालीवर फटका म्हणत, हे आज कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. मग त्यांचे शब्द तरी कसे वाचले? लोकांच्या तोंडी राहिले आणि जुन्या बाडांत राहिले म्हणून. बाड म्हणजे गाणाऱ्यांची हाताने लिहिलेली वही. शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी अशी कवने गोळा केली. ॲक्वर्थ साहेबांबरोबर त्यांनी १८९१ साली पोवाड्यांचा संग्रह छापला. त्यांनी बाडे गोळा करून नुसती पेटीत ठेवली असती तर? वाळवीने खाल्ली असती. छापून वाटली म्हणून ती टिकली.

दुसरे उदाहरण आपल्या डोळ्यांसमोरचे. तमाशा सम्राज्ञी कांताबाई सातारकर यांचा फड संगमनेरचा. महाराष्ट्र शासनाचा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला. मे २०२१ मध्ये कोरोनाने त्यांना नेले. वगनाट्य तंबूत रात्रभर चाले, तीन मिनिटांच्या थाळीत ते मावणार कसे? म्हणून तमाशाची फार थोडी कला तबकडीवर उतरली आणि बाकीची बघणाऱ्यांच्या आठवणीत राहिली. तबकडीवर काय आले हे जसे बघायचे, तसेच काय येऊ शकले नाही हेही बघायचे. तेव्हाच इतिहास पुरा होतो.

आपली गाणी आणि लेबल

नाशिक रस्त्याने संगमनेरच्या पुढे गेले की सिन्नर तालुका लागतो. त्यातले देशवंडी हे लोककवी वामनदादा कर्डक यांचे गाव. १५ ऑगस्ट १९२२ चा त्यांचा जन्म. मुंबईला शिवडीच्या बीडीडी चाळीत राहून, कष्ट करून, मोठेपणी त्यांनी अक्षर गिरवले आणि पुढे हजारो गीते लिहिली. ती गीते किती गायकांनी गायली याची मोजदाद नाही. पण गाणे कोणाच्या आवाजात ऐकले हे लोक सांगतात, लिहिले कोणी हे विचारले की गप्प बसतात. रेकॉर्डचे लेबल इथे उपयोगी पडते. त्यावर गायकाचे नाव असते, आणि नशीब असेल तर गीतकाराचे व संगीतकाराचेही.

प्रल्हाद शिंदे, विठ्ठल उमप यांच्यासारख्या गायकांचे आवाज एच.एम.व्ही.च्या तबकड्यांवर आले. वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही २००४ साली गेले. विठ्ठल उमप नोव्हेंबर २०१० मध्ये नागपूरला दीक्षाभूमीवर, मंचावरच कोसळले. माणसे गेली, आवाज राहिला, तोही ज्याने रेकॉर्ड सांभाळली त्याच्याकडे. आपल्या जलशांतली बहुसंख्य गाणी मात्र कंपनीच्या दारापर्यंत पोचलीच नाहीत. ती वह्यांत आणि कंठात राहिली. पुढे स्वस्त कॅसेट आली तेव्हा भीमगीतांना खरी मोकळी वाट मिळाली. म्हणून आपल्या गाण्याची एखादी जुनी तबकडी सापडणे ही साधी गोष्ट नाही.

लेबल सुद्धा डोळे झाकून खरे मानायचे नसते. १९४९ च्या 'महल' चित्रपटातले लता मंगेशकरांनी गायलेले गाजलेले गाणे घ्या. त्याच्या पहिल्या रेकॉर्डवर गायिका म्हणून 'कामिनी' छापले होते, म्हणजे पडद्यावरच्या पात्राचे नाव! लताबाईंसारख्यांच्या बाबतीत असे झाले, तर आपल्या साध्या कोरसवाल्यांची आणि ढोलकीवाल्यांची काय कथा? म्हणून कागदाला माणसांच्या आठवणीची जोड द्यावी लागते.

जमविणारी माणसे

आपल्या महाराष्ट्रात हे काम मनापासून करणारी मंडळी आहेत. १९९० साली मुंबईत 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' ही संस्था निघाली. तिच्या उभारणीत नारायण मुलानी, डॉ. सुरेश चांदवणकर आणि ऑस्ट्रेलियाचे मायकेल किनियर हे होते. चांदवणकर टाटा मूलभूत संशोधन संस्थेत शास्त्रज्ञ होते. पोटापाण्याचे काम वेगळे आणि हा ध्यास वेगळा! १९९१ पासून संस्थेने 'द रेकॉर्ड न्यूज' हे नियतकालिक काढले. मुंबईबाहेर सोलापूरसारख्या गावीही या मंडळींनी बैठका घेतल्या. बैठकीत काय होते? कोणीतरी आपल्याकडच्या रेकॉर्डी आणतो, लावतो, त्या कोणाच्या, कधीच्या, कुठे मिळाल्या ते सांगतो. दुसरा त्यात भर घालतो, तिसरा चूक दुरुस्त करतो. याला आम्ही खरा अभ्यास म्हणतो.

१९३५ ते १९५५ या काळात मुंबईत 'यंग इंडिया' नावाच्या रेकॉर्डी निघत. कंपनी बंद पडली, रेकॉर्डी ठिकठिकाणी संग्राहकांच्या घरी विखुरल्या. पुढे चांदवणकरांच्या प्रयत्नाने आणि ब्रिटिश लायब्ररीच्या मदतीने त्यांचे आवाज संगणकात उतरवून जतन झाले. अनेकांनी आपापल्या पेट्या उघडल्या म्हणून हे घडले. एकट्याच्या कपाटातून एवढे काम झाले नसते.

आता आमच्यासारख्यांचे. संगमनेरात आम्ही चार-सहा जण सुट्टीच्या दिवशी जमतो. कोणी पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारून येतो, कोणी मुंबईला गेला तर शुक्रवारी पहाटे चोरबाजारात जाऊन येतो. गावातला माल मिळतो तो मुख्यतः जुन्या लाऊडस्पीकरवाल्यांकडे. लग्न, जत्रा, जयंती, सगळीकडे यांचीच रेकॉर्ड वाजायची. धंदा बदलला आणि खोकी माळ्यावर गेली. एकदा दोन खोकी आहेत अशी खबर लागली. आम्ही पाळी संपवून दुसऱ्या दिवशी गेलो तर खोकी आदल्या संध्याकाळीच किलोवर भंगारात गेलेली. मालक म्हणाला, "अहो, फुटक्या थाळ्या त्या, त्यांचं काय एवढं?" त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

आमच्यातही वाद झाले. एक जण म्हणायचा, "सापडलेली चीज दाखवू नये. दाखवली की भाव वाढतो आणि जागाही दुसऱ्याला कळते." बाजाराच्या हिशेबाने त्याचे म्हणणे खरे होते. पण दुसऱ्याने विचारले, "तू गेल्यावर पोरं हे खोकं कुठे टाकतील?" त्यावर कोणाला उत्तर सुचले नाही. तेव्हापासून आमचा एकच नियम आहे. रेकॉर्ड ज्याची त्याची, ऐकणे सगळ्यांचे आणि नोंद एका वहीत. नियम सुरू झाल्यावर म्हातारी माणसे येऊन बसू लागली. गाणे लागले की कोणाला पुढचे कडवे आठवते, जे तीन मिनिटांत मावले नव्हते! तेही वहीत उतरते.

आपण काय करावे

धम्मबंधू-भगिनींनो, आपल्या घराच्या माळ्यावर एखादी रेकॉर्ड असेल तर ती फेकू नका. एकावर एक रचू नका, उभी ठेवा आणि उन्हापासून जपा. लाखेच्या रेकॉर्डला स्पिरिट लावू नका, लाख विरघळते. मऊ फडके पाण्यात पिळून हलक्या हाताने पुसा, लेबल भिजू देऊ नका. जुनी ७८ ची रेकॉर्ड एल.पी.च्या सुईवर लावू नका, दोन्हींची खाच वेगळी असते.

मग एक वही घ्या आणि लिहा. कंपनीचे नाव, लेबलवरचा नंबर, लेबलजवळच्या मोकळ्या कडेला कोरलेला नंबर, गायक, गीतकार, संगीतकार. रेकॉर्ड कुठून आली, घरात कोणी आणली, केव्हा वाजायची, हेही लिहा. कंपनीच्या दप्तरात हे शेवटचे कधीच सापडणार नाही, ते फक्त तुमच्या आजी-आजोबांना माहीत आहे. आज प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. गाणे वाजताना आणि आजी बोलताना, दोन्ही भरून घ्या.

विहारात महिन्यातून एकदा सगळ्यांनी बसून अशा रेकॉर्डी ऐकाव्यात, अशी आमची सूचना आहे. यंत्र आमच्यापैकी एकाकडे आहे, ते आम्ही आणू. पैशाचे काम नाही. बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हटले. आपल्या माणसाचा आवाज ओळखणे, त्याचे नाव बरोबर लिहून ठेवणे आणि ते पुढच्या पिढीच्या कानावर घालणे, हेही शिकणेच आहे. कपाटात कुलूप लावून ठेवलेली तबकडी आणि भंगारात गेलेली तबकडी यांत फार फरक नाही. दोन्ही मुक्याच.

जयभीम.