छातीची छाया आणि तिची साक्ष

‘फोटोत डाग निघाला’ या तीन शब्दांनी आपल्याकडील किती घरांची झोप उडवली असेल, याची गणती कोणी ठेवलेली नाही. डॉक्टर प्रकाशाच्या पेटीवर काळी फिल्म लावतात, बोटाने एक जागा दाखवतात. आपण मान डोलावतो, पण आपणांस दिसते ते एवढेच की, काळ्यात काही पांढरे आहे. ही छाया वाचावयास मनुष्य कसा शिकला, आणि तिच्या साक्षीवर त्याने किती विश्वास ठेवला, हा इतिहास मोठा बोधप्रद आहे. तो थोडक्यात सांगण्याचा आमचा विचार आहे.

छातीच्या आत डोकावण्याचे काम प्रथम डोळ्यांनी नव्हे, कानांनी केले. व्हिएन्नाचा वैद्य आउएनब्रुगर हा खाणावळवाल्याचा मुलगा. पिंप किती भरले आहे हे त्यावर बोटे वाजवून ओळखण्याची युक्ती त्याने बापाच्या तळघरात पाहिली असावी, असे सांगतात. छातीवर बोटे वाजवून आतील रोग ओळखण्याची रीत त्याने १७६१ साली ग्रंथरूपाने मांडली. पुढे १८१६ साली फ्रान्समध्ये लाएनेकने छातीला नळी लावून आतले आवाज ऐकले. ज्या क्षयाचे आवाज त्याने जगाला शिकवले, त्याच क्षयाने १८२६ साली त्याचा बळी घेतला.

२४ मार्च १८८२ रोजी बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखने क्षयाचा जंतू सापडल्याचे जाहीर केले. शत्रू सापडला, पण तो जिवंत माणसाच्या फुप्फुसात कोठे दडला आहे, हे अजून दिसत नव्हते. आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास क्षयानेच गेल्या. वयाची बावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. त्यांच्या छातीचा फोटो काढणे त्या दिवशी जगातील कोणालाही शक्य नव्हते. त्यास अजून साडेआठ वर्षांहून अधिक काळ जावयाचा होता.

८ नोव्हेंबर १८९५ रोजी व्युर्त्सबुर्ग येथे विल्हेल्म राँटगेन यास ते अदृश्य किरण सापडले. बीजगणितातील अज्ञात राशीचे अक्षर त्याने त्यांस दिले. मराठीत ते ‘क्ष-किरण’ झाले. क्षय आणि क्ष-किरण यांचा आरंभ आपल्या भाषेत एकाच अक्षराने व्हावा, हा योगायोगच म्हणावयाचा. राँटगेनला १९०१ साली पदार्थविज्ञानाचे पहिले नोबेल पारितोषिक मिळाले. पण शोधाचे पेटंट मात्र त्याने घेतले नाही.

आता ही छाया वाचावयाची कशी? मूळ सूत्र सोपे आहे. हवेतून किरण सहज पार जातात, म्हणून हवा काळी दिसते. हाड त्यांस अडवते, म्हणून ते पांढरे दिसते. निरोगी फुप्फुस काळे, आणि त्यात रक्तवाहिन्यांच्या बारीक फांद्या. न्यूमोनियात वायुकोशांतील हवेची जागा स्राव घेतो, तेथे पांढरा ढग येतो. आणि त्या ढगात, ज्यांत हवा शिल्लक आहे अशा श्वासनलिका काळ्या फांद्यांसारख्या उठून दिसतात. छातीत पाणी झाले की बरगड्या आणि श्वासपटल यांच्यामधला खालचा टोकदार कोपरा आधी भरतो, आणि पाण्याची वरची कड बाजूला कोरीसारखी चढते. फुप्फुसाबाहेर हवा शिरली तर तेथे नुसते काळे दिसते, एकही फांदी नाही. जुनाट दम्याच्या विकारात फुप्फुसे फुगून श्वासपटल सपाट होते. मोठ्या माणसांचा क्षय बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतो, आणि त्यात कधी पोकळीही असते. १९५० साली अमेरिकेतील फेल्सन यांनी आणखी एक खूण पक्की केली. दोन सारख्याच घन वस्तू एकमेकींस चिकटल्या की त्यांमधली कड पुसली जाते. हृदयाची उजवी कड नाहीशी झाली तर रोग उजव्या फुप्फुसाच्या मधल्या खंडात; श्वासपटलाची कड पुसली तर खालच्या खंडात.

एवढे नियम बसल्यावर वाटू लागले की, आता सारे उघड झाले. ब्राझीलच्या मानुएल द आब्रेउ यांनी १९३६ साली पडद्यावरच्या छायेचा छोट्या फिल्मवर फोटो घेण्याची स्वस्त रीत काढली, आणि देशोदेशी हजारो माणसे रांगेने यंत्रापुढे उभी राहिली. पण १९४७ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १,२५६ माणसांचे फोटो पाच जाणत्या वाचकांपुढे ठेवले. जेथे रोगाची शंका होती, अशा फोटोंपैकी सुमारे एकतृतीयांशांत वाचकांचे एकमेकांशी पटेना. याहून नवल असे की, तोच फोटो पुन्हा दाखवला तर सुमारे एकपंचमांशांत वाचकाचे स्वतःशीही जुळेना! फिल्म तीच, डोळे तेच, निर्णय दुसरा.

हा धडा आपल्या देशाने ध्यानी घेतला. १९५५ ते ५८ च्या राष्ट्रीय पाहणीत फोटोच्या साहाय्याने असे दिसले की, क्षय खेड्यांतही शहरांइतकाच आहे. पण खेडोपाडी फोटोचे यंत्र न्यावयाचे कसे? बंगळूरच्या राष्ट्रीय क्षयरोग संस्थेने, जी १९५९ साली स्थापन झाली, शोध घेतला तेव्हा कळले की, अनेक रोगी आपण होऊन दवाखान्यात येतच होते, आणि खोकल्याच्या औषधाची बाटली घेऊन परत जात होते. म्हणून १९६२ च्या राष्ट्रीय कार्यक्रमात थुंकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासण्यास पहिला मान मिळाला. छाया अनेक रोगांची असू शकते, जुन्या बऱ्या झालेल्या व्रणाचीही असू शकते. जंतू मात्र क्षयाचाच असतो. १९७४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ समितीनेही सरसकट फोटोंची मोहीम सोडून द्यावी असे सांगितले.

मग फोटो निकामी ठरला काय? तसेही नाही. २०१९ ते २१ च्या आपल्या राष्ट्रीय पाहणीत जे क्षयरोगी सापडले, त्यांपैकी शेकडा ४२ हून अधिक फोटो काढला नसता तर निसटले असते. कारण त्यांना सांगण्याजोगी लक्षणेच नव्हती. २०२१ पासून तपासणीच्या कामी यंत्राने केलेले वाचनही जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले आहे. परंतु यंत्रही शंकाच घेते. शहानिशा आजही थुंकीच्या तपासणीनेच करावयाची असते.

तेव्हा उद्या आपल्यापैकी कोणाच्या फोटोत डाग निघाला, तर घाबरून जाऊ नये, आणि दुर्लक्षही करू नये. डॉक्टरांना दोन प्रश्न अवश्य विचारावेत: थुंकी तपासली का? आणि पूर्वीचा फोटो दाखवू का? कारण जो डाग वर्षानुवर्षे जागचा हलला नाही तो बहुधा जुना व्रण असतो, आणि जो नव्याने आला त्याचा माग काढावाच लागतो. म्हणून जुने फोटो रद्दीत टाकू नयेत. आनंदीबाईंच्या नशिबी ही छाया नव्हती. आपल्याला ती मिळाली आहे. तिची साक्ष नीट ऐकून घ्यावी, इतकेच आमचे मागणे आहे.