वंशात दडलेला पाहुणा

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मास्तर. त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. तेव्हा विज्ञानाकडे मी वळलो तो माणसांच्या गोष्टी शोधतच. त्यांतली एक आज वाचकांपुढे ठेवतो. सणाच्या दिवशी ती जड वाटेल; पण ती दुःखापाशी थांबत नाही.

पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये युजेन वोलमन आणि त्यांच्या पत्नी एलिझाबेथ हे जंतूंना ग्रासणाऱ्या विषाणूंचा अभ्यास करीत. काही जंतूंच्या कुळात विषाणू एरवी दिसत नाही, पण अवचित प्रकटतो. तो पिढ्यान्‌पिढ्या वंशातूनच चालत येतो, असे या दांपत्याचे मत. फार थोड्यांना ते पटले. १९४३ च्या डिसेंबरात नाझींनी या ज्यू पतिपत्नींना पकडून आउशवित्झला धाडले. दोघेही परतले नाहीत.

युद्धानंतर त्याच संस्थेत आंद्रे ल्वोफ यांनी एकेक जंतू द्रवाच्या थेंबात वेगळा ठेवून पाहिला. १९ वेळा विभाजन झाले, तरी भोवतीच्या द्रवात विषाणू नाही. वंशजांच्या पोटात बीज मात्र कायम! १९५० मध्ये अतिनील किरण सोडताच जंतू फुटले आणि विषाणूंचे थवे बाहेर पडले.

मग हे बीज राहते तरी कुठे? अमेरिकेत एस्थर लेडरबर्ग यांना ई. कोलाय जंतूत लॅम्डा नावाचा विषाणू सापडला होता. फ्रान्स्वा जाकोब आणि एली वोलमन यांनी अशा विषाणूची जागा जंतूच्या गुणसूत्रावरच नक्की केली. तो तिथे बसतो कसा, हे १९६२ मध्ये अ‍ॅलन कँबेल यांनी सुचवले. विषाणूच्या डीएनएची टोके जुळून त्याचे कडे होते. कड्याचा एक तुकडा जंतूच्या डीएनएतल्या तशाच तुकड्याशी जुळतो. तिथे दोन्ही कापून एकमेकांना सांधले, की कडे उलगडून जंतूच्या डीएनएत ओवले जाते. हे काम इंटिग्रेज नावाचे विकर करते आणि सारखा असणारा तुकडा अवघ्या १५ अक्षरांचा असतो, हे पुढे कळले. मग जंतू दुभंगला, की पाहुण्याची एकेक प्रत दोन्ही लेकरांच्या वाट्याला येते.

आणि एली वोलमन कोण? आउशवित्झहून न परतलेल्या त्या दांपत्याचे चिरंजीव. आईबापांचा अर्धवट राहिलेला विचार त्यांच्याच संस्थेत मुलाने पुढे नेला.

कादंबरीत मी असा योग घातला असता, तर वाचक म्हणाले असते, "मास्तर, हे जरा फारच झाले!"