निरोप हरवला तर जबाबदार कोण?

बँकेतल्या एका संगणकाला दुसऱ्याला कळवायचे असते की अमुक खात्यातून अमुक रक्कम वळती झाली, आणि नेमका त्याच वेळी दुसरा बंद असतो किंवा भलत्याच कामात गुंतलेला असतो. पहिला खोळंबून राहू नये आणि दुसरा जागेवर आला की त्याला निरोप मिळावा, यासाठी दोघांच्या मध्ये एक सॉफ्टवेअर बसवतात. ते निरोप घेते, जपून ठेवते आणि पुढे देते. संगणकक्षेत्रात याला मेसेज क्यू म्हणतात. हे सॉफ्टवेअर एकाच सर्व्हरवर असेल तर तो सर्व्हर बसला की सगळा कारभार बसतो. म्हणून ते तीन-पाच सर्व्हरांच्या क्लस्टरवर बसवले जाते. या सॉफ्टवेअरचा इतिहास बहुधा वेगाचा इतिहास म्हणून सांगितला जातो: आधी सेकंदाला शेकडो निरोप, मग हजारो, मग लाखो. हे खोटे नाही, पण अपुरे आहे. गेल्या पन्नास-साठ वर्षांत खरी ओढाताण एकाच प्रश्नाभोवती झाली: निरोप मधेच हरवला तर जबाबदारी कोणाची? ती या हातातून त्या हातात जात राहिली आणि अखेर क्लस्टर बसवणाऱ्याच्या पदरात पडली, असे माझे म्हणणे आहे.

मूळ कल्पना व्यापारी संगणकाहून जुनी. टेलिप्रिंटरच्या काळात मोठ्या तारकेंद्रांत संदेश कागदी फितीवर छिद्रांच्या रूपात उमटत. कर्मचारी फीत फाडून घेई, तिच्यावरचा पत्ता वाची आणि पुढच्या शहराची लाइन मोकळी होईपर्यंत ती त्या लाइनच्या यंत्रापाशी रांगेत ठेवी. प्रत्येक लाइनवरच्या संदेशांना अनुक्रमांक असत. आकडा तुटला की मधला संदेश गहाळ झाल्याचे कळे आणि तो पुन्हा मागवला जाई. म्हणजे साठवण, रांग आणि पोच तपासणे या तिन्ही गोष्टी तेव्हाच होत्या, आणि चूक झाली तर त्या टेबलावरच्या माणसाला जाब विचारता येई. पुढे हे काम मोठ्या संगणकांकडे गेले. अपोलो मोहिमेच्या सुट्या भागांची जंत्री ठेवण्यासाठी आयबीएमने रॉकवेल कंपनीबरोबर आयएमएस ही यंत्रणा उभी केली. ऑगस्ट 1968 मध्ये ती कॅलिफोर्नियातल्या डाउनी येथे सुरू झाली. टर्मिनलवरून आलेली मागणी रांगेत ठेवून ती एकेका प्रोग्रॅमच्या हाती देणे हा तिच्या कामाचाच भाग होता. यंत्र एक, विकणारी कंपनी एक, त्यामुळे बोट कोणाकडे दाखवायचे याबद्दल शंका नव्हती.

अनेक कंपन्यांची अनेक यंत्रे एकमेकांशी बोलू लागली, तेव्हा हे चित्र फिसकटले. 1980च्या दशकात अमेरिकेतल्या शेअर दलालांच्या टेबलांवर भावांसाठी एक पडदा, बातम्यांसाठी दुसरा, हिशेबासाठी तिसरा, अशी गर्दी झाली होती. मुंबईत जन्मलेल्या आणि एमआयटीत शिकलेल्या विवेक रणदिवे यांनी टेकनेक्रॉन सॉफ्टवेअर सिस्टिम्स ही कंपनी काढून त्यावर ‘इन्फर्मेशन बस’ हा तोडगा आणला. भाव पाठवणाऱ्याने तो एका विषयाच्या नावाने सोडायचा आणि ज्याला तो विषय हवा त्याने नाव नोंदवून तो उचलायचा. दोघांनी एकमेकांना ओळखण्याची गरज नाही. 1994 मध्ये रॉयटर्सने ही कंपनी घेतली आणि 1997 मध्ये त्यातून टिबको उभी राहिली. दलालाला हवा असतो ताजा भाव. सेकंदापूर्वीचा हरवला तरी त्याचे फारसे बिघडत नाही. बँकेचे तसे नाही. 1993 मध्ये आयबीएमने एमक्यूसिरीज बाजारात आणली ती नेमकी उलट हमी देऊन: निरोप पोचेल आणि एकदाच पोचेल. हमी हीच तिथे विकायची वस्तू होती आणि बँका तिच्यासाठी घसघशीत पैसे मोजत होत्या. इथपर्यंत जबाबदारी विक्रेत्याची होती आणि तिची किंमत बिलात धरलेली होती.

ते बिल आणि त्याबरोबर येणारे परावलंबन सोसेना, तेव्हा बंड ग्राहकानेच केले. जेपी मॉर्गन चेस या बँकेतले जॉन ओहारा यांनी 2003च्या सुमारास असा आग्रह धरला की निरोप पोचवण्याची भाषा कोणा एका कंपनीची मिरास असू नये. त्यातून एएमक्यूपी हे खुले मानक आकाराला आले. 2012 मध्ये त्याची 1.0 आवृत्ती ओएसिस संस्थेचे मानक झाली आणि 2014 मध्ये तिला आयएसओची मान्यता मिळाली. दरम्यान 2007 मध्ये या मानकावर बेतलेले रॅबिटएमक्यू हे मुक्त सॉफ्टवेअर आले. ते अर्लँग भाषेत लिहिलेले आहे. ही भाषा एरिक्सन कंपनीत टेलिफोन एक्स्चेंजसाठी 1980च्या दशकात घडली. 1998 मध्ये कंपनीच्या एका विभागाने नव्या कामांत तिच्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षअखेरीस ती सर्वांसाठी खुली झाली. आता कोणीही फुकट उतरवून घ्यावे आणि बसवावे अशी सोय झाली. मात्र फुकट वस्तूबरोबर हमीपत्र येत नाही. विक्रेता बाजूला झाला आणि त्याची जागा बसवणाऱ्याने घेतली. अनेकदा त्याला स्वतःलाही ते कळले नाही.

रॅबिटएमक्यूचे क्लस्टर बसवताना हे जवळून पाहता येते. सर्व्हरवर सॉफ्टवेअर पहिल्यांदा सुरू झाले की ‘अर्लँग कुकी’ नावाची छोटी फाइल तयार होते. तिच्यात अक्षरांची एक ओळ, बाकी काही नाही. ही ओळ सर्व सर्व्हरांवर तंतोतंत सारखी करावी लागते आणि फाइल मालकाशिवाय कोणाला वाचता येता कामा नये. कुकी जुळली की दोन नोड, म्हणजे क्लस्टरमधले दोन सर्व्हर, एकमेकांवर पूर्ण विश्वास टाकतात. आणखी विचारपूस नाही. नोडांना एकमेकांची नावे कळली पाहिजेत, त्यांच्या आपसातल्या बोलण्यासाठी 4369 आणि 25672 ही पोर्ट मोकळी पाहिजेत. मग नव्या सर्व्हरवरचे काम थांबवायचे, त्याला ‘जॉइन क्लस्टर’ अशी आज्ञा द्यायची आणि तो पुन्हा सुरू करायचा. यात एक मेख आहे: क्लस्टरमध्ये शिरणारा नोड स्वतःजवळचे आधीचे सगळे पुसून मगच आत येतो. या अटी टेलिफोन एक्स्चेंजच्या खोलीत शोभतात, कारण तिथली सगळी यंत्रे एका मालकाची आणि एका छपराखालची असतात. विश्वास कोणावर टाकायचा, हा प्रश्न त्या खोलीत पडतच नव्हता. आज तो बसवणाऱ्याला पडतो आणि त्याचे उत्तर त्यालाच द्यावे लागते.

याहून मोठी मेख पुढे आहे. तीन नोड जोडले, पडद्यावर तिन्ही नावे दिसली, म्हणजे निरोपही तीन ठिकाणी आहेत, असे कोणालाही वाटेल. ते खरे नाही. रांगेचे नाव आणि नियम सगळ्या नोडांना माहीत होतात, पण साध्या रांगेतले निरोप एकाच नोडवर राहतात. तो पडला की ते अडकले. यावर 2011 मध्ये रांगेची प्रत दुसऱ्या नोडवर ठेवण्याची सोय आली. मग प्रश्न आला मधली तार तुटण्याचा. दोन्ही बाजूंचे नोड जिवंत, प्रत्येकाला वाटते समोरचा मेला, आणि दोघेही आपापली प्रत खरी धरून कारभार चालवतात. अशा वेळी काय करायचे यासाठी मुख्य असे तीन पर्याय ठेवले गेले: कानाडोळा करायचा, अल्पमतातल्या नोडांनी थांबायचे, किंवा तार जुळल्यावर एक बाजू जिंकली असे धरून दुसरीचे सोडून द्यायचे. काही न निवडल्यास पहिला पर्याय लागू होई. 2014 मध्ये काइल किंग्जबरी यांनी ‘जेप्सन’ या चाचणीत मुद्दाम तार तोडून पाहिली, तेव्हा पोच मिळालेले निरोपही हरवलेले दिसले. 2019च्या 3.8 आवृत्तीत बहुमताने चालणारी ‘कोरम’ रांग आली आणि 2024च्या 4.0 आवृत्तीतून जुनी प्रतिरांग काढूनच टाकली गेली. तरीही कोरम रांग हवी असेल तर ती तशी मागावी लागते. मागितली नाही तर पूर्वापार साधी रांग मिळते.

वेग हेच खरे सूत्र, असे म्हणणारे इथे काफ्का या सॉफ्टवेअरकडे बोट दाखवतील. लिंक्डइनमध्ये जे क्रेप्स, पुण्यात वाढलेल्या आणि तिथेच अभियांत्रिकी शिकलेल्या नेहा नारखेडे आणि जुन राव यांनी ती घडवली. 2011 मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली. तिची रचना वेगळी आहे. व्यापाऱ्याच्या रोजमेळीसारखी नोंद खाली खाली होत जाते, वाचली म्हणून खोडली जात नाही, आणि प्रत्येक वाचणारा आपण कुठपर्यंत आलो याची खूण स्वतः ठेवतो. यामुळे वेग अफाट वाढला, हे मान्य. पण तिघांनी 2011 मध्ये लिहिलेल्या निबंधातच कबुली होती की ब्रोकर, म्हणजे निरोप साठवणारा मधला सर्व्हर, पडला तर त्यावरचे न वाचलेले निरोप मिळणार नाहीत; प्रती ठेवण्याची सोय पुढे करायची आहे. ती 2013च्या 0.8 आवृत्तीत आली. तोवर जे निरोप बहुतांशी कोणी कुठे टिचकी मारली या छापाचे होते, त्यांच्या जोडीला पैशाचे निरोपही येऊ लागले, आणि सेटिंग एकेक करून सरकू लागली. मागे पडलेल्या प्रतीला पुढारी, म्हणजे मुख्य प्रत, करण्याची मुभा आरंभी आपोआप मिळत असे. 2017 मध्ये ती आपोआप मिळणे बंद झाले. पाठवणाऱ्याने एका नोडच्या पोचेवर समाधान मानायचे की सगळ्या ताज्या प्रतींची वाट पाहायची, यातला दुसरा पर्याय 2021च्या 3.0 आवृत्तीत डीफॉल्ट झाला. दोन्ही बदल वेगाच्या विरुद्ध दिशेचे आहेत. वेगासाठी जन्मलेल्या सॉफ्टवेअरला दहा वर्षांत हमीकडे परतावे लागले, हा माझ्या म्हणण्याचा सर्वांत सबळ पुरावा आहे.

यावर तीन आक्षेप येऊ शकतात. पहिला असा की मधला ब्रोकरच नको. एएमक्यूपीच्या घडणीत सुरुवातीपासून असलेले पीटर हिंचेन्स यांनी पुढे त्याच मानकावर कडक टीका करून झीरोएमक्यू हा ब्रोकरविना मार्ग दाखवला. तो चपळ आहे, पण निरोप जपण्याचे काम मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्यावर येते. जबाबदारी संपत नाही, फक्त टेबल बदलते. दुसरा आक्षेप क्लाउडचा: अमेझॉनने 2006 मध्ये एसक्यूएस ही तयार रांग भाड्याने देणे सुरू केले, मग बसवायची कटकट कशाला? कटकट निश्चित कमी झाली. पण त्यांची साधी रांग निरोप किमान एकदा देण्याची हमी देते, म्हणजे तो दोनदा येऊ शकतो, आणि क्रमाचीही खात्री नाही. क्रम पाळणारी रांग 2016 मध्ये आली आणि ती निराळी निवडावी लागते. दोनदा आलेल्या निरोपाने खात्यातून दोनदा पैसे वजा होऊ नयेत, हे पाहणे ग्राहकाकडेच राहते. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: राफ्टसारख्या बहुमताच्या गणिताने हा प्रश्न माणसाच्या हातून काढून घेतला आहे. राफ्ट 2014 मध्ये डिएगो ओंगारो आणि जॉन ऊस्टरहाउट यांनी मांडले. आज कोरम रांग त्यावर चालते आणि झूकीपर ही वेगळी समन्वय यंत्रणा सोडलेल्या काफ्काचा नोडांमधला समन्वयही त्याच धर्तीवर. गणित पक्के आहे. मात्र ते इतकेच सांगते की तीनपैकी एक किंवा पाचांपैकी दोन नोड पडले तरी कारभार चालेल. दोनच नोड लावले तर एक पडताच बहुमत संपते. तिन्ही नोड एकाच रॅकमध्ये, एकाच वीजपुरवठ्यावर ठेवले, तर ती वीज गेल्यावर तिन्ही एकदम जातील. त्या चुकीला गणितात जागा नाही. यंत्रे किती, कुठे आणि कोणाच्या विजेवर, हे ठरवणारा माणूसच असतो.

तारकेंद्रातल्या कर्मचाऱ्याला आपण जबाबदार आहोत हे माहीत होते आणि आयबीएमला ते करारानेच माहीत होते. मुक्त सॉफ्टवेअरने हमीची किंमत शून्यावर आणली, पण हमी देण्याचे ओझे शून्यावर आणता येत नव्हते. ते बसवणाऱ्याकडे सरकले आणि बरीच वर्षे डीफॉल्ट सेटिंगच्या आड दडून राहिले. चांगल्या सॉफ्टवेअरने डीफॉल्ट सुधारून त्यातले काही परत घेतले आहे, सगळे घेणे त्याच्या हाती नाही. म्हणून जी संस्था हे काम ‘एका दुपारचे इन्स्टॉलेशन’ समजून सर्वांत नव्या मुलाच्या हाती सोपवते, ती एक धोरणात्मक निर्णय नकळत त्याच्यावर ढकलते आहे. कोणता निरोप हरवला तर चालेल, कोणता दोनदा आला तर चालेल आणि तार तुटल्यावर थांबायचे की चालू राहायचे, या तीन प्रश्नांची उत्तरे क्लस्टर बसवण्याआधी लेखी असावीत आणि त्याखाली ज्याचा तो व्यवहार आहे त्याची सही असावी.