साबाव का नाही, साबण का?

भाईंदर पूर्वेला आमच्या इमारतीत नळाचं पाणी कमी पडलं की बोअरचं सोडतात. बाकीच्यांना ते चहाच्या चवीवरून कळतं, मला दाढीच्या वाटीत कळतं. ब्रश दोन मिनिटं कोमट पाण्यात भिजवायचा, पिळायचा, साबणाच्या वडीवर अर्धा मिनिट घोळवायचा आणि मग वाटीत थेंब थेंब पाणी देत फेटायचा. आधी मोठाले बुडबुडे येतात, त्यांच्यावर भुलायचं नाही. फेटत राहिलं की ते बारीक होतात, ब्रश जड लागायला लागतो आणि शेवटी वाटी उलटी केली तरी पडणार नाही असा चक्का तयार होतो. बोअरच्या पाण्यात हा चक्का जमतच नाही. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं आणि वाटीच्या कडेला नासलेल्या दुधासारखे कण तेवढे उरतात. मिठागरांच्या गावात जमिनीखालचं पाणी गोडं कुठून मिळणार?

शेजारच्या काकू म्हणाल्या, "रिठा घेऊन बघा की. आमच्याकडे केस त्यानंच धुवायचे, पाणी कसं का असेना." काकूंचं खरं निघालं. रिठ्यातल्या सॅपोनिनचं जड पाण्यापुढे साबणासारखं अडत नाही. फेस भरपूर आला, पण वस्तरा हनुवटीपर्यंत पोचायच्या आत विरला. साबणाच्या फेसाला स्टिअरिक आम्लामुळे जे अंग येतं, ते रिठ्याच्या फेसाला नाही. मी पुडा ठेवून देणार, तेवढ्यात त्यावरचं शास्त्रीय नाव वाचलं: सॅपिंडस. सापो इंडिकस, म्हणजे भारतीय साबण. ज्या झाडाला संस्कृतात फेनिल असं नेमकं नाव होतं, त्याच्यावर युरोपानं साबणाचं नाव चिकटवलं होतं. मग हा 'सापो' आणि आपला साबण एकमेकांचे कोण? त्या दिवशी दाढी अर्धीच राहिली.

सापो नावाच्या डोंगरावर यज्ञातली चरबी आणि राख वाहून आली आणि साबण सापडला, ही गोष्ट सगळीकडे सांगतात. तो डोंगर अजून कुणाला सापडलेला नाही, तेव्हा ती सोडून देऊ. इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लेखक प्लिनी 'सापो'बद्दल लिहितो, तेव्हा तो अंग धुण्याचं नावही काढत नाही. गॉल लोकांनी शोधलेला, चरबी आणि राखेचा, केस तांबूस करणारा लेप असं तो सांगतो, आणि जर्मन लोकांत बायकांपेक्षा पुरुषच तो जास्त वापरतात अशी पुस्तीही जोडतो. म्हणजे लॅटिनमध्ये हे नाव आलं तेच पुरुषांच्या केसांतून! दाढीच्या वाटीत साबण फेटणाऱ्यानं यावर खूश व्हायला हरकत नाही.

हा शब्द रोमनांनी उत्तरेकडच्या जर्मानिक बोलींतून उचलला, आणि पुढे त्याच्या दोन शाखा झाल्या. एक ग्रीकमार्गे पूर्वेला गेली, अरबीत 'साबून' झाली आणि फारसीतून हिंदुस्थानात उतरली. दुसरी लॅटिनच्या घरातच राहिली आणि पोर्तुगीजांकडे 'साबांव'सारखी बोलली जाऊ लागली. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांच्या हाती आली. खाडीच्या अलीकडचा आमचा साष्टीचा मुलूखही त्यांच्याकडे गेला आणि १७३९ पर्यंत राहिला. तेव्हा साबण पोर्तुगीजांचा, असं म्हणणाऱ्यांची बाजू आमच्या गावात तरी भक्कम दिसते. न्हाणीघरातली बालदी पोर्तुगीज, शेजारचं घमेलं पोर्तुगीज, दाराची चावीसुद्धा पोर्तुगीज. मग बालदीशेजारचा साबण तेवढा परका कसा?

मला हे पटत नाही, आणि त्याचं कारण कानाला ऐकू येतं. पोर्तुगीज शब्दाच्या शेवटचा हा नाकातला 'आंव' मराठीत कसा उतरतो ते बघा. 'पांव'चा पाव झाला, 'लेलांव'चा लिलाव झाला, उत्तन-डोंगरीकडच्या घरांत सेबास्तियांवचा बस्त्याव झाला. मग साबांवचा साबाव व्हायला हवा होता. आपण म्हणतो साबण. हा 'ण' पोर्तुगीजांनी दिला असता, तर पावालाही आपण पाण म्हटलं असतं.

दुसरा पुरावा काळाचा. गुरू नानकांच्या जपजीत 'साबूण' आहे. नानक १५३९ मध्ये गेले. पंजाबात इतक्या आत, इतक्या लवकर पोर्तुगीज शब्द पोचला असेल हे मानणं अवघड आहे. तुकोबांच्या अभंगातही साबण येतो, आणि येतो तो 'ण' घेऊनच. तुकोबांच्या वेळी वसईत पोर्तुगीज शंभर वर्षं मुरले होते, शब्द तिथून घाट चढून देहूला गेला असेल, असं कुणी म्हणेल. पण चढला असता, तर साबाव म्हणून चढला असता.

उरतो 'साबू', साबणाचंच दुसरं रूप. शेवटचा 'न' गेला म्हणजे तो पोर्तुगीजांचाच, असंही ऐकलं आहे. पण कानूनचा 'कानू' आपल्या जुन्या कागदपत्रांत जागोजाग आहे, आणि कानूनला कुणी पोर्तुगीज म्हणत नाही. साबूनमधल्या 'ऊ'चा 'अ' कसा झाला, याचं उत्तर मी स्वयंपाकघरात शोधतो. वाटण, सारण, दळण यांच्या रांगेत साबूनला बसवून मराठी तोंडानं त्याचा साबण केला.

आणि तो मराठीत आणला कुणी? न्हाव्यानं, असं माझं ठाम मत आहे. त्याची धोकटी उघडून बघा. वस्तरा फारसी 'उस्तुरा'तून आलेला, आणि हजाम हा शब्द अरबी, मुळात तुंबडी लावून रक्त काढणाऱ्याचा. साबण या दोघांच्या पंगतीतला आहे. बालदी-घमेल्याशी त्याची गाठ नंतर पडली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे: अर्देशिर गोदरेजांनी चरबी काढून वनस्पती तेलाचा साबण केला, जिलेटच्या पात्यानं दाढी घरी आणली आणि धोकटीतला ब्रश आपल्या आरशाखाली आला.

मीरा-भाईंदरच्या हद्दीतच घोडबंदर आहे. अरबी घोडे तिथे उतरत, म्हणून ते नाव पडलं असं सांगतात. तसं असेल, तर एकाच धक्क्यावर घोडेवाल्यांचा 'साबून' आणि किल्लेवाल्या पोर्तुगीजांचा 'साबांव' एकमेकांच्या कानावर पडले असणार. रोमच्या उत्तरेकडच्या रानातून निघालेली ही दोन चुलत भावंडं दीड हजार वर्षांनी वसईच्या खाडीवर भेटली.

मी आता दाढीपुरतं एक फुलपात्र पाणी फिल्टरचं घेतो. चक्का छान बसतो.